टीव्हीचा रंग मी लावते

१० ऑगस्ट १९९७

मानसीनं जानेवारीत तिच्या ऑफिसातून ही डायरी आणून दिली होती. “आई, लिहीत जा काहीतरी,” म्हणाली होती. आजवर कोरीच राहिली. दुकान आणि घर, त्यात लिहायचं काय? पण आज लिहावंसं वाटलं. आमच्याकडं रंगीत टीव्ही आला.

खोकं एवढं मोठं, की ओमकार आणि कंपनीचा माणूस दोघांनी धरून जिन्यानं वर आणलं तेव्हा प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली. जुना ब्लॅक-अँड-व्हाइट, लाकडी शटरचा, एक्स्चेंजमध्ये गेला. जायच्या आधी हे त्याच्यावरची धूळ पुसत बसले होते. मी म्हटलं, “आता पुसून काय उपयोग?” तर म्हणाले, “सासरी चाललाय, मळका कसा पाठवू?”

कंपनीच्या माणसानं वायरी जोडल्या, केबल लावली आणि म्हणाला, “चित्र तुमच्या पसंतीनं लावून घ्या.” रिमोटमध्ये ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर आहेच, शिवाय टोन म्हणून एक भानगड आहे. त्यात वॉर्म आणि कूल. ओमकार बटणं दाबायला लागला तसे हे म्हणाले, “ए, रंगाचं काम तुझ्या आईचं. दे तिकडं.”

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. गौलीगुड्यातलं आमचं मॅचिंग सेंटर म्हणजे एक पाऊल आत टाकलं की दुसऱ्याला भिंत. पण बायका लांबून लांबून साडी पिशवीत घालून येतात, त्या माझ्या नजरेसाठी. साडी उलगडायची, काठ बघायचा, आणि मागं हात घालून ब्लाउजपीस ओढायचा. आमसुली कुठं संपतो आणि वांगी कुठं सुरू होतो, हे मला झोपेतून उठवून विचारावं.

मानसीनं तेवढं रिकामं खोकं आवरायला घेतलं. ती पुण्याची, सून होऊन आली त्याला दोन वर्षं झाली, बेगमपेठेत कंप्युटरच्या कंपनीत जाते. गुणी आहे. पण रंगाचं तिला काही कळत नाही. रोज मातकट ड्रेस.

१२ ऑगस्ट

चित्र मळकं आहे. बातम्या देणाऱ्याचा सदरा आठवडाभर न धुतल्यासारखा पिवळट. मी कलर वाढवला, ब्राइटनेस वाढवला, टोन कूलवर नेला. मग कुठं सदरा पांढरा झाला.

ओमकार म्हणाला, “आई, लई भडक झालं.”

मानसी म्हणाली, “चेहरे जरा निळसर दिसतायत, आई.”

मी म्हटलं, “पुण्यात दोनच रंग चालतात म्हणे. एक पांढरा, दुसरा त्याहून थोडा कमी पांढरा.”

ती हसली आणि पोळ्या लाटायला गेली. ह्यांनी पेपर उघडला. सकाळचा पेपर, संध्याकाळी.

१५ ऑगस्ट

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून दिल्लीहून सगळं दाखवत होते. मी मुद्दाम रिमोट घेऊन बसले. चेहऱ्यांवर मतभेद होईल, झेंड्यावर कसा होणार? केशरी, पांढरा, हिरवा. हाच धरून रंग लावायचा. बराच वेळ खटाटोप केला. निळं चक्र काही केल्या उठेना, काळपटच राहिलं. कलर पार शेवटपर्यंत नेला, तेव्हा थोडं निळं वाटलं.

“झालं,” मी म्हटलं. “आता कुणी हात लावायचा नाही.”

हे म्हणाले, “हौ. आता झेंडा एकदम नवा दिसायलाय.”

ओमकारला ठसका लागला.

२९ ऑगस्ट

दुकानात नव्या ट्यूबलाइट लावून घेतल्या. काही उपयोग नाही. आजकालच्या ट्यूबला पूर्वीचा उजेडच राहिला नाही. भामा माझ्याकडं किती वर्षं काम करतेय, तिलाही तसंच वाटत असावं. गिऱ्हाईक आलं की साडी घेऊन सरळ बाहेर पायरीवर जाते. “अक्का, उन्हात बघून येते,” म्हणते. आत येईपर्यंत तिनंच पीस निवडलेला असतो. मी बघते, बरोबर असतो. माझ्या हाताखाली तयार झाली पोर.

रात्री स्कूटरवरून येताना समोरच्या दिव्यांचा फार त्रास होतो. प्रत्येक दिव्याभोवती कापसासारखं काहीतरी. ह्यांना म्हटलं, हे लोक हल्ली दिव्यात काय घालतात? हे म्हणाले, “मी सावकाश चालवतो.” मी दिव्यांचं विचारलं होतं.

७ सप्टेंबर

गणपतीला रेणू आली. जामबागेतल्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तिच्या लेकीचं लग्न ठरलंय, नोव्हेंबरात. बोलता बोलता तिचं लक्ष टीव्हीकडं गेलं.

“अगं बाई, ह्या माणसांना काय झालंय? कावीळ ऐकली होती. ही निळीळ कुठली?”

सगळे हसले. मानसी हसली नाही, ती लगबगीनं प्रसाद आणायला गेली. मी पण हसले नाही. रेणूकडं तरी अजून ब्लॅक-अँड-व्हाइटच आहे. तिला काय कळणार?

१९ सप्टेंबर

आज वाईट वाटलं. दुपारी डोकं दुखत होतं म्हणून भामावर दुकान सोडून लवकर घरी आले. मानसीला सुट्टी होती. दारात चपला काढतेय तर टीव्हीवरचं चित्र वेगळंच. सगळं उन्हात विटल्यासारखं, तपकिरी. मला बघताच तिनं रिमोट उचलला, पटापट बटणं दाबली, चित्र पुन्हा माझं झालं.

“चुकून दाबलं गेलं, आई.”

चुकून एवढं सगळं दाबलं जात नाही. म्हणजे मी घरात नसले की ती आपला रंग लावते. टीव्ही त्या दोघांनी घेतलाय, तिचाही हक्क आहे. पण माझ्यामागं कशाला? तोंडावर म्हण की, तुमचं मला आवडत नाही.

मग आठवलं, तोंडावर म्हणाली होती. पहिल्याच आठवड्यात. तेव्हा मी पुण्याचं काढलं होतं.

२४ सप्टेंबर

हे आजकाल स्वतः तांदूळ निवडायला बसतात. गॅलरीत खुर्ची टाकून, मांडीवर ताट. रिटायर माणसाचा वेळ जात नाही, दुसरं काय. सुईत दोराही तेच ओवून ठेवतात, चार-पाच सुया एकदम, माझ्या मशीनच्या कव्हरला टोचून. मी म्हटलं, “बस चालवणारे हात आता सुई चालवायलेत.” म्हणाले, “हिला ब्रेक नाही, तेवढंच भ्या वाटतं.”

१२ ऑक्टोबर

काल दसरा. मानसीला मी साडी घेतली, तिनं लगेच नेसली. सगळे म्हणाले छान आहे. मी मोरपंखी म्हणून घेतली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, “जांभळा किती खुलतो हिला.”

लोकांना रंगांची नावंसुद्धा राहिली नाहीत.

तरी रात्री उठून साडी पुन्हा बघितली. दिव्याखाली धरली, लांब धरली. मला मोरपंखीच वाटली. मग थोडी जांभळी वाटली. मग काहीच वाटेना. हे डायरीतच लिहितेय, कुणाला बोलले नाही.

४ नोव्हेंबर

रेणू लग्नाच्या साड्या घेऊन दुकानात आली. भामा गावी गेलीय, मी एकटीच. एकेक साडी काढत गेले. हात पूर्वीसारखा चालला. रेणूची स्वतःची साडी नेव्ही ब्लू, चंदेरी काठाची. वरमाईपेक्षा मुलीची आईच उठून दिसेल अशी. तिचाही पीस काढून दिला. रेणूनं पिशवी बांधली, सरळ शिंप्याकडं गेली. जाताना म्हणाली, “तू दिलंस म्हणजे बघायची गरजच नाही.”

दिवसभर गाणं गुणगुणत होते. उगाच मेलं मनात शंका घेत होते.

२१ नोव्हेंबर

रेणू सकाळीच आली. चहा नको म्हणाली. पिशवीतून शिवलेला ब्लाउज काढून माझ्या मांडीवर ठेवला.

“हे काय दिलंस, जया?”

“तुझ्या साडीवरचा. नेव्ही.”

“काळा आहे. लेकीच्या लग्नात मी काळं घालू? परवा अक्षता आहेत. काल माझ्या नणंदेनं बघितला आणि कपाळावर हात मारला.”

मी म्हटलं, घरात अंधार आहे, गॅलरीत चल. गॅलरीत ऊन होतं. तिनं साडी कठड्यावर टाकली, वर ब्लाउज ठेवला. मी बघितलं. डोळे चोळून बघितलं. दोन्ही एकच होते. एका ताग्यातून कापल्यासारखे.

“बघ की, किती बरोबर आहे,” मी म्हटलं. रेणू माझ्याकडं बघतच राहिली. तिचा राग कुठंतरी गेला, आणि ते मला रागापेक्षा वाईट वाटलं.

मानसी दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, ती खाली बघायला लागली. मग मी ह्यांना हाक मारली. हे मला कधी खोटं सांगत नाहीत. खरं सांगायची वेळ आली की पेपर उघडतात, एवढंच. आज पेपर हातात होता, तो त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला.

“सांगा. कसला रंग आहे?”

“काळा आहे, जया.”

“आणि साडी?”

“निळी.”

नंतरचं नीट आठवत नाही. मी कॉटवर बसून होते. मानसीनं ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली, रेणूकडून साडी घेतली आणि म्हणाली, “काकू, माझ्याबरोबर चला. भामाताई दुकानाच्या पायरीवर येऊन थांबल्या असतील. आजच्या आज शिवून घेऊ.” जाताना माझ्यासमोर उभी राहिली. “आई, दुकानाची किल्ली देता?”

कंबरेची किल्ली काढून दिली. तिच्या मुठीत ठेवेपर्यंत दोनदा खाली पडली.

२३ नोव्हेंबर

लग्न छान झालं. रेणूनं नवा ब्लाउज घातला होता. मानसीनं निवडलेला. सगळ्या बायका म्हणत होत्या, अगदी साडीतलाच वाटतो. मला परवाचा आणि आजचा सारखाच दिसला. पण रेणूनं सगळ्यांदेखत माझा हात धरून पहिल्या पंगतीला बसवलं, आणि दुसऱ्या हातानं माझ्या पानातली जिलेबी उचलून स्वतः खाल्ली. शाळेत असंच करायची.

२४ नोव्हेंबर

सकाळी चहाच्या वेळी ह्यांच्यावर रागावले. “तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला वेड्यात काढलंत. तेव्हाच का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“श्रावणात. म्हटलं, डोळे दाखवून येऊ. तू म्हणालीस, ट्यूबलाइट खराब आहे.”

“मग?”

“मग ट्यूबलाइट बदलली.”

रागात होते तरी हसू आलं. मग रडू आलं. हे म्हणाले, “लोक तुझ्या नजरेसाठी यायलेत. तुला कसं सांगू, की नजरच...” चहावर साय धरली, दोघांनी तसाच प्यायला.

२८ नोव्हेंबर

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत. तेलुगू, पण आपल्या इकडच्या दक्खनी हिंदीत छान बोलतात. दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, “अम्मा, मोतीबिंदू पिकलाय दोन्हीकडं. तुम्ही किती दिवसांपासून पिवळ्या काचेतून बघायलात.”

मी म्हटलं, “मला पिवळं काही दिसत नाही.”

“कसं दिसेल? सगळंच पिवळं असलं की पिवळं कळत नाही.”

आत लेन्स बसवतात म्हणे, जाड चष्मा लागत नाही. आधी उजवा डोळा, संक्रांतीनंतर डावा. ओमकारनं सगळं विचारून घेतलं. मी एकच विचारलं, “रंग कळतील का?” डॉक्टर हसले. “कळतील. पण घरच्या भिंती बघून रंगारी बोलवू नका लगेच.”

फार भीती वाटतेय. डोळा गेला तर दुकान गेलं. दुकान गेलं तर मी सकाळी उठून कुठं जाऊ? मानसी शेजारी बसली होती. तिनं नुसतं माझं पाऊल तिच्या पायानं दाबलं. डॉक्टरांना दिसू नये असं.

१० डिसेंबर

काल ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे. मानसी म्हणते, लिहू नका. एवढंच लिहिते की दुखलं नाही. दवाखान्यातल्या खोलीतला टीव्ही नुसता ऐकला. ती शेजारी बसून सांगत होती, आता बाई रडतेय, आता दार उघडलं, आता सासू आली. मी विचारलं, “सासू कशी आहे?” म्हणाली, “नटवी आहे. पण मनानं चांगली.”

१२ डिसेंबर

पट्टी काढली.

पहिल्यांदा दिसली ती दवाखान्याच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली. निळी. एवढा निळा रंग जगात असतो हे मी विसरलेच होते. कितीतरी वेळ बादलीकडं बघत बसले. नर्सला वाटलं मला उलटी होतेय, तिनं ती उचलून माझ्यापुढं आणली.

मग मानसी आत आली. तिचा तो मातकट ड्रेस. आकाशी आहे. त्यावर पांढरी बारीक फुलं आहेत. फुलं आहेत हेच मला माहीत नव्हतं. मी एक डोळा झाकला, आकाशी. दुसरा झाकला, माती. असं तीन-चारदा केलं. ती म्हणाली, “आई, दुखतंय का?” मी नाही म्हटलं.

हे बाहेर बाकावर बसले होते. दारातून बघितलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. डोकं सगळं पांढरं. कापसासारखं स्वच्छ पांढरं.

“तुमचे केस कधी पिकले?”

“झाली की तीन-चार वर्षं.”

“मला वाटायचं, अजून थोडे काळे आहेत.”

“मला कुठं घाई होती सांगायची?” हे म्हणाले आणि डोक्यावरून हात फिरवला, लग्नाच्या वेळी फिरवायचे तसा.

१३ डिसेंबर

घरी आले. डॉक्टरांनी काळा चष्मा दिलाय, तो लावून बसले होते. संध्याकाळी ओमकारनं सवयीनं टीव्ही लावला. मी चष्मा काढला.

देवा. बातम्या देणारा माणूस विहिरीतून काढल्यासारखा. ओठ जांभळे, कान निळे. शेजारच्या बाईची हिरवी साडी डोळ्यांत घुसत होती. मागचा पडदा तर नुसता पेटलेला.

“हे असं होतं?” मी विचारलं.

“हौ,” हे म्हणाले.

“रोज?”

“सवय झाली. मला तर आता रस्त्यावरचीच माणसं आजारी वाटायलीत.”

ओमकार जमिनीवर बसून हसायला लागला. मला हसायची मनाई आहे, डोळ्यावर ताण येतो. डोळा धरून हसले. सगळ्यांनी चार महिने असली माणसं बघितली. क्रिकेट बघितलं, लग्नं बघितली, दिल्लीचा झेंडा बघितला.

हसणं थांबल्यावर मी मानसीला विचारलं, “त्या दिवशी दुपारी तू बदललं होतंस ना?”

ती लाजली. “रोजच बदलायचे. तुम्ही यायच्या आधी परत लावून ठेवायचे. मला पाठ झालं होतं, कुठलं बटण कितीदा.”

“परत कशाला लावायचीस?”

“तुम्हाला तसंच नीट दिसत होतं, आई. आम्ही काय, आम्हाला कसंही दिसतं.”

मी काळा चष्मा परत लावला. इथं काय लिहावं कळत नाही. सप्टेंबरात तिच्याबद्दल लिहिलेलं पान वाचलं. ते फाडणार नाही. राहू दे.

२१ डिसेंबर

रविवार. कालपासून थोडा वेळ दुकानात जाते. भामाला सांगितलं, डावा डोळा होईपर्यंत तुझा शब्द शेवटचा. ती म्हणाली, “अक्का, तो तर श्रावणापासूनच आहे.” सगळीच माणसं आता तोंड वर करून बोलायला लागलीत. बरं वाटतं. मानसीही दर रविवारी सकाळी येणार आहे. तिला राणी आणि गुलबक्षी यांतला फरक कळत नाही, तो मी शिकवणार आहे.

संध्याकाळी टीव्हीचा रंग नव्यानं लावायला बसलो. ओमकारनं रिमोट माझ्यापुढं धरला. मी तो मानसीला दिला. “तू लाव.”

“मी?”

“हौ. मी बघते.”

तिनं कलर उतरवला, ब्राइटनेस कमी केला, टोन मधे आणला. एका बाईचं गाणं चाललं होतं. हळूहळू तिच्या गालांत रक्त आलं, बांगड्या हिरव्या झाल्या, मागची भिंत भिंतीसारखी झाली. ओमकारला अजून थोडा भडक हवा होता, मानसीला नको होता. दोघं भांडले. मी उजव्या डोळ्यानं बघितलं, छान वाटलं. डाव्यानं बघितलं, संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं.

“आई, बरोबर आहे का?” मानसीनं विचारलं.

“तुला बरोबर दिसतंय ना? मग झालं.”

तिनं ह्यांना विचारलं, “बाबा, तुम्हाला?”

हे टीव्हीकडंच बघत होते. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. हे वळले आणि म्हणाले, “रंग राहू द्या आता. ह्या बाईचा आवाज किती बारीक लावलाय तुम्ही. ओठ हलताना दिसायलेत नुसते.”

आवाज चांगला खालच्या मजल्यापर्यंत जाईल एवढा होता. ओमकारनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मिटलं. मानसी माझ्याकडं बघत होती. मी तिच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

“आता?”

“हां, आता कसं,” हे म्हणाले आणि पाय पसरून बसले.

आज वाढवला. उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगणार आहे. पेपर हातात घेऊ देणार नाही.